कर्नलच्या अंगणातली देशसेवा

त्या दिवशी बुआलायने भात नेहमीपेक्षा दुप्पट भिजत घातला होता. वाफेवर शिजलेला तो चिकट भात तिने लाकडी परातीत पसरला, हाताला चटके बसत असतानाच उलथापालथा केला आणि झाकणाच्या बांबूच्या टोपलीत दाबून भरला. केळीच्या पानात भाजलेली मासळी, मिरचीचा ठेचा आणि आंबवलेल्या मासळीची एक बाटली बाजूला तयारच होती. बाटलीच्या तोंडाला तिने प्लास्टिकचे चांगले जाड पदर बांधले. शहरी लोकांच्या नाकाला आमच्या खाण्याचा वास सोसत नाही, हे तिला ठाऊक होतं.

शेजारची सायरुंग, घर ज्या खांबांवर उभं होतं त्यातल्या एकाला टेकून, हे सगळं बघत होती.

"काय गं लाय, पोराला भेटाया चाललीस का पलटणीला जेवण घालाया?"

"पलटणच हाय की! कर्नलच्या घरी अजून पोरं हायत त्याच्यासंगट. हा एकटा कसा खाईल?"

"नशीब काढलं बाई नोपनं. कर्नलचा उजवा हात झाला म्हणं."

"मुखिया तसं म्हणतात," बुआलाय म्हणाली. 'नाही' म्हणायचं तिच्या जिवावर आलं. उजवा हात कुठला, पण साहेबाच्या सावलीत आहे, पंख्याखाली आहे, बंदुकीपासून लांब आहे, एवढं तिला पुरेसं होतं. बाकीचं गाव आपलं आपण जोडत होतं आणि तिनेही ते तोडलं नव्हतं.

नोपला सरकारने नेलं ते एप्रिलमधल्या भरतीत. आमच्या इकडे ती भरती तालुक्याच्या शाळेत भरते आणि तिला जत्रेसारखी गर्दी लोटते. एकविसाव्या वर्षात आलेली पोरं उघड्या अंगाने, दंडावर शाईचे आकडे घेऊन उन्हात ओळीने बसतात. एकेकाने पुढे यायचं, बरणीत हात घालायचा, चिठ्ठी काढायची. काळी निघाली तर पोरगा आईबापाचा, लाल निघाली तर दोन वर्षं सरकारचा. ज्यांच्या बापांनी शहरातल्या शाळेत पैसे भरले, त्या पोरांनी शाळेतच कवायत उरकून या बरणीपासून कायमची सुटका करून घेतलेली असते. त्यामुळे देशाचं रक्षण करायला बरणीसमोर उरतात ते भातशेतीतले, ऊसतोडीतले आणि गॅरेजमधले. देशभक्तीची ही अशी वाटणी कोणी केली, हे विचारायची आमच्याकडे रीत नाही.

बुआलायने गावदेवाला उकडलेल्या अंड्यांचा नवस बोलला होता. देवाने अंड्यांकडे पाहिलं नसावं. नोपने लाल चिठ्ठी काढली, माईकवाल्याने 'लाऽऽल' म्हणून आरोळी ठोकली, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि कुंपणाला धरून उभी असलेली बुआलाय मटकन खाली बसली. तिच्या माहेरच्या गावातला एक मुलगा असाच लाल चिठ्ठीने दक्षिणेच्या प्रांतांत गेला होता, जिथे रस्त्यात बॉम्ब पुरलेले असतात. तो पेटीतून परत आला. पेटीवर झेंडा होता आणि त्याच्या आईला एक पदक मिळालं होतं. पुढे किती तरी दिवस ती बाई पदक कोंबड्यांना दाखवत अंगणात फिरायची.

म्हणून बुआलायने केलं ते आमच्याकडची कुठलीही आई करते. तिने मुखिया बुनथामचे पाय धरले. बुनथामची कर्नल विसूतच्या बायकोशी ओळख होती, आणि ओळख म्हणजे काय चीज असते हे बुनथामला चांगलं माहीत होतं. बुआलायने त्या वर्षी सणाला नेसायला विणलेला रेशमी लुंगा काढला. रेशमाचे किडे तिने स्वतः तुतीच्या पाल्यावर वाढवले होते, सूत स्वतः बांधून रंगवलं होतं. तो लुंगा घेऊन ती मुखियाच्या मागोमाग कर्नलच्या बंगल्यावर गेली, गुडघ्यांवर सरकत बाईसाहेबांच्या खुर्चीपाशी पोचली आणि म्हणाली, "माझं लेकरू तुमच्या पदरात घालते. ते आता तुमचंच. मारा, तारा, पण दक्षिणेला पाठवू नका."

राचनीबाईसाहेबांनी रेशीम दोन बोटांत चोळून पाहिलं. "छान आहे गं! काळजी करू नकोस. आमच्याच घरातला मुलगा समजू त्याला."

लेकराला विचारायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही. लेकराला कुठे विचारतात?

नोपची कवायत संपली, तो बंगल्यावर गेला, आणि त्यानंतर त्याचा फोन यायचा तो असा, जणू कोणी मागे उभं आहे. "बरा हाय, आई. जेवलो. ठेवतो." बुआलाय फोन छातीशी धरून म्हणायची, पोरगा सुखात आहे म्हणून बोलायला वेळ नाही. माणसाला जे हवं असतं ते त्याला ऐकू येतं.

त्या दिवशी बुआलाय टोपली घेऊन पोचली तेव्हा बंगल्याचं फाटक एका पोराने उघडलं. त्याच्या हातात पाण्याची नळी होती, अंगात फाटका बनियन. डोक्याचे केस फौजी पद्धतीने कापलेले नसते तर तो माळी आहे की शिपाई, हे कळलं नसतं.

"नोपची आई का? मागं हाय तो, मावशी. मागच्या बाजूनं जा. पुढून नका जाऊ, फरशी आत्ताच पुसलीय," तो म्हणाला, आणि मग टोपलीकडे बघून आवाज खाली आणत त्याने विचारलं, "भात हाय का वं त्यात?"

मागच्या अंगणात झुंजीचे कोंबडे वेताच्या झापांखाली ओळीने झाकलेले होते. प्रत्येकापाशी पाण्याची स्वच्छ वाटी होती. आणखी एक फौजी पोरगा एका कोंबड्याला मांडीवर घेऊन त्याचं अंग कोमट फडक्याने शेकत होता. बाजूला धुण्याची जागा. तिथे पाठमोरा उकिडवा बसून नोप टोपात कपडे चोळत होता.

बुआलाय हाक मारणार तेवढ्यात तिला टोपातलं कापड दिसलं. आपल्या हातचं रेशीम माणूस ओळखतोच. बाईसाहेबांनी तो लुंगा नेसला होता, मळवला होता, आणि तो आता नोपच्या हातात होता. त्याच्यासोबत बाईसाहेबांचे आतले कपडेही होते. भिंतीतल्या खिळ्यावर नोपच्या गळ्यातला ताईत टांगलेला होता. भंतेंनी मंतरून दिलेला, भरतीच्या आदल्या दिवशी घातलेला, कधी न काढायचा ताईत. परक्या बाईच्या कंबरेखालचे कपडे वाळत असतील तर त्या दोरीखालून जायलाही आमचे पुरुष कचरतात, कारण ताईताचा जोर जातो म्हणतात. म्हणून पोरगा रोज ताईत काढून ठेवत होता, कपडे धूत होता, हात धुऊन पुन्हा घालत होता.

"नोप."

तो दचकून उठला, हात मागे लपवले. मग हसला. तसं हसणं बुआलायने त्याच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.

"कशाला आलीस गं न सांगता?"

"सांगून आले असते तर वर्दी घालून बसला असतास व्हय रे?"

"वर्दी कुठली? वर्दी पेटीत हाय. दोनदा घातली. एकदा फोटोला, आन् एकदा साहेबांच्या मेव्हणीच्या लग्नात गाड्या लावायला."

तिने त्याला खाली बसवलं, भाताची टोपली उघडली. कोंबडा शेकणारा पोरगाही सरकत जवळ आला. दोघं बोटांनी भाताचे गोळे करून ठेच्यात बुडवून खात होते, आणि ते इतक्या घाईने खात होते की बुआलायचं लक्ष अन्नावरून उडालं. नोपच्या कानामागे काहीतरी होतं. लहानपणी त्याच्या डोक्यातल्या उवा काढायची तशी तिने दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं. बोटांना टेंगूळ लागलं. एक जुनं, एक नवं. तिसऱ्यावर अजून खपली होती.

"कुठं पडलास?"

"न्हाई पडलो."

"मग?"

नोपने आणखी एक गोळा ठेच्यात बुडवला. बोलला तो दुसरा पोरगा, तोंडात घास ठेवूनच. "बूट, मावशी. बाईसाहेबांचा. उंच टाचेचा. रेशमाला इस्त्री करताना डाग पडला की बूट."

डोक्यावर पायातला बूट! आमच्यात मोठ्या माणसाच्या डोक्यावरून हात फिरवायचा तरी आधी क्षमा मागतात. न्हावीसुद्धा डोक्याला हात लावण्याआधी हात जोडतो. 

नोप खाली बघत म्हणाला, "सरकारनं कशाला नेलं मला आई? देश राखाया. म्हणजे हा कोंबडा देश हाय का? का तो टोप देश हाय? मी कोंबड्याचं अंग शेकतो, तवा नेमका कोणता दुश्मन पळतो, ते तरी कळू दे."

दुसरा पोरगा फिसकन हसला आणि लगेच घराकडे बघून गप्प झाला. आतून हाक आली होती. बाईसाहेबांना पाहुणी आल्याचं कळलं होतं.

राचनीबाईसाहेब दिसायला वाईट नव्हत्या, बोलायलाही नव्हत्या. असली माणसं वाईट दिसत नाहीत, हीच तर पंचाईत. त्या खुर्चीवर बसल्या, बुआलाय सवयीने फरशीवर बसली.

"अगं, ये ये! किती वाळलीस! शेतीची कामं ना? नोप बरा आहे हो आमचा. थोडा आळशी आहे, पण वळण लावतेय मी. गावाकडच्या पोरांना वळण नसतंच, तुला सांगते. इस्त्री कशाशी खातात माहीत नसतं."

"बाईसाहेब," बुआलाय म्हणाली, "त्याच्या डोक्याला लागलंय."

"लागणारच. सांगितलेलं ऐकत नाही."

"बूट मारला म्हणं."

बाईसाहेबांचं हसू तसंच राहिलं. "आईने मुलाला दोन धपाटे घालू नयेत का? तूच ना म्हणाली होतीस, माझं लेकरू तुमच्या पदरात घालते म्हणून? मारा, तारा म्हणालीस. शब्द तुझेच आहेत बरं, मी नाही काही लावून सांगत."

 शब्द तिचेच होते. तिने ते गुडघ्यांवर सरकत येऊन, रेशमात गुंडाळून दिले होते. हात जोडून ती कशीबशी म्हणाली, "मग त्याला छावणीत तरी जाऊ द्या. बाकीच्या पोरांसंगट."

"छावणीत? बघ बाई. साहेबांना सांगते. पण छावणीतली पोरं कुठे जातात ते माहीत आहे ना? परवाच एक ट्रक उडाला दक्षिणेला. टीव्हीवर दाखवलं. मग माझ्या नावाने रडत येऊ नकोस. मी काय, तुझ्या भल्यासाठीच सांगते हो." आणि मग जरा पुढे झुकून, "एवढ्या लांब आली आहेस तर जेवून जा. नोपला सांगते वाढायला."

स्वतःच्या पोराने दुसरीच्या घरी वाढलेलं जेवायला ती थांबली नाही. मागच्या अंगणात आली तेव्हा नोप पुन्हा टोपापाशी बसला होता. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"चल घरी."

"घरी गेलो तर पळपुटा ठरतो. शिपाई येतील, मुखियाच त्यांना घर दाखवील. मग लष्करी तुरुंग. तिथनं सुटल्यावर पुन्हा राहिलेली वर्षं."

"आन् इथं?"

"इथं काय? मी इथं न्हाईच. माझी हजेरी तिकडं छावणीत लागती. रोज. सरकारच्या लेखी मी रोज सकाळी कवायत करतो, बंदूक पुसतो." तो लुंगा पिळत म्हणाला, "लई चांगला शिपाई हाय मी."

बुआलायच्या डोक्यात काहीतरी जागेवर बसलं. "मग तिथंच जाऊ. तू जिथं हायेस म्हणतात तिथंच तुला नेऊन उभं करते. त्याला पळणं म्हणतील का?"

नोपने पिळता पिळता हात थांबवले. "न्हाई म्हणता येणार. पण आई, तिथं गेलो की दक्षिण."

 याच एका शब्दापायी तिने देवाला अंडी कबूल केली होती, मुखियाचे पाय धरले होते, सणाचं रेशीम दिलं होतं. कोंबड्यांना पदक दाखवणारी ती बाई तिच्या डोळ्यांपुढे आली. बूट परवडला, टेंगूळ परवडलं, पोरगा जिवंत तर राहील, असं तिचं मन म्हणत होतं, आणि ते मन खोटं होतं असंही नाही. ती आई होती.  आणि मग तिने त्याला ते विचारलं, जे त्याला आजवर ना सरकारने विचारलं होतं, ना मुखियाने, ना तिने.

"तुला काय पाहिजे रे?"

नोपने मान वर केली. प्रश्न कळायलाच त्याला वेळ लागला.

"मला घरी यायचं हाय," तो म्हणाला. "ते जमत नसंल तर वर्दी घालायची हाय. मी भितो, आई. लई भितो दक्षिणेला. पण हे मधलं न्हाई पाहिजे मला. ना घरचा, ना फौजेचा. मी कोणाच्या घरचं भांडं न्हाई."

"ऊठ मग."

नोपने ओल्या हातांनी खिळ्यावरचा ताईत काढून गळ्यात घातला आणि पेटीतून वर्दी काढून अंगावर चढवली. कापडाला पेटीचा कुबट वास येत होता. दोघं घराला वळसा घालून पुढच्या बाजूला आले आणि पुसलेल्या फरशीवरून फाटकाकडे निघाले. बाईसाहेब दारात आल्या. "ए! कुठे निघाला तू? कोणाला विचारून?" त्यांचा आवाज चढला तसा भाषेतला गोडवा गेला. नळीवाल्या पोराने फाटक उघडलं, आणि बाईसाहेब 'बंद कर' म्हणत असतानाही त्याला ते बंद करायचं सुचलं नाही.

छावणीच्या दारापाशी भर दुपारी भाजलेले मांसाचे गोळे विकणाऱ्या बाया आणि भाड्याच्या मोटरसायकलवाले असतात. नोप पहारेकऱ्यासमोर ताठ उभा राहिला.

"शिपाई नोपफोन. कामावर हजर."

सार्जंटने आत जाऊन हजेरी पाहिली, बाहेर आला आणि डोकं खाजवत म्हणाला, "तू तर आत आहेस."

"आत हाय तर मग हा बाहेर कोण उभा हाय?" बुआलाय म्हणाली. "जरा आतल्याला बोलवा की साहेब. मला बी बघू दे, कसा दिसतो."

मोटरसायकलवाल्यांना हे आवडलं. मांसाचे गोळे घेणारी गिऱ्हाईकंही वळली. कोणीतरी फोन काढला, मग सगळ्यांनीच काढले. सार्जंट पळत आत गेला, तो एका तरुण कॅप्टनला घेऊन आला. कॅप्टन सभ्य होता. त्याने हात जोडले.

"मावशी, आत चला. थंड पाणी घ्या. बसून बोलू."

"इथंच बोला साहेब. आत गेल्यावर माझं बी नाव हजेरीत लागायचं."

कॅप्टनचे कान लाल झाले. त्याने आवाज उतरवला. "हे पाहा, गैरसमज झालाय. कर्नलसाहेबांचा फोन आला होता. तुमच्या मुलाने फुलं आणि उदबत्ती घेऊन बाईसाहेबांच्या पाया पडावं, माफी मागावी. विषय संपला. नंतर हलकं काम देऊ, बंगल्यावरच. तुमचीही तीच इच्छा होती ना?"

"माझी होती," बुआलाय म्हणाली. "त्याची कोणी विचारलीच न्हाई. आता विचारा."

कॅप्टन नोपकडे वळला. नोपच्या कपाळावरून घाम गळत होता. "माफी न्हाई मागणार साहेब. मला माझं काम द्या."

"दक्षिणेची तुकडी निघायची आहे," कॅप्टन म्हणाला, आणि हे सांगताना तो बुआलायकडे बघत होता, कारण कोणता घाव कुठे बसतो ते या लोकांना शिकवलेलं असतं. "एक जागा रिकामी आहे. पाठवू का?"

सगळ्यांचे फोन बुआलायकडे वळले. तिला वाटलं, आता खाली बसावं, याचे पाय धरावे, म्हणावं चुकलं, घ्या परत त्याला, धुऊ दे कपडे. तिचे गुडघे खरोखर वाकू लागले होते. नोपने तिचं कोपर धरलं.

"पाठवा," तो म्हणाला.

ती रडली, मोठ्याने रडली, दाराच्या गजाला धरून रडली. पण 'नको' म्हणाली नाही.

पुढचं थोडक्यात सांगता येतं, कारण अशा गोष्टींचं पुढे नेहमी तेच होतं. फोनवरचं चित्रण चार दिवस सगळीकडे फिरलं. चौकशी बसली, आणि बसली ती बसूनच राहिली. कर्नल विसूत बदलीवर गेले, कोंबडेही सोबत गेले, आणि नव्या बंगल्यावर नवी पोरं आली असणार. नोप दक्षिणेला गेला.

गावाने राग काढला तो बुआलायवर. मुखिया बुनथाम चारचौघांत म्हणाला, "माझं तोंड काळं केलंस. आता कोणता साहेब या गावचं पोरगं पदरात घेईल?" विहारात भिक्खूंना जेवण द्यायला बाया ओळीने बसायच्या, तेव्हा तिच्या शेजारची चटई रिकामी राहू लागली. सायरुंगने तर बोलणंच टाकलं. कारणही तिने लपवलं नाही. "पोरापेक्षा हिला हिचा ताठा मोठा झाला. धुतली असती चार लुगडी, काय हात झडले असते? स्वतःच्या हातानं ढकलला त्याला बॉम्बच्या तोंडी!"

 बुआलाय स्वतःही रोज तेच म्हणायची. बातम्या लागल्या की ती तुतीचा पाला तोडायला निघून जायची आणि बातम्या संपेपर्यंत परतायची नाही. मग एकदा फोन आला. या वेळी नोपला घाई नव्हती.

"नाक्यावर उभा असतो, आई. जाणाऱ्या-येणाऱ्यांची झडती घ्यायची. म्हातारे लोक माझ्याकडं बघतात, तवा मला बंगल्याची आठवण येती. त्यांनाबी कोणी विचारलेलं न्हाई, त्यांच्या गावात आमी कशाला म्हणून." मग वाऱ्याच्या वर आवाज चढवून तो म्हणाला, "मी त्यांच्याशी नीट बोलतो. टोपी काढून."

"भीती वाटते का रे?"

"वाटती. रोज. पण इथं डोक्याला कोणी हात लावत न्हाई."

फोन ठेवल्यावर बुआलाय विणायच्या मागापाशी जाऊन बसली, पण धोटा तिने हातात घेतला नाही.

एप्रिल आला, पुन्हा शाळेचं मैदान, पुन्हा ऊन, पुन्हा बरणी. या वर्षी सायरुंगच्या मुलाची, चातची, पाळी होती. बुआलायचं तिथे काही काम नव्हतं, तरी ती गेली आणि कुंपणापाशी उभी राहिली. मंचावरचे साहेब माईकवर देशाच्या ऋणाबद्दल बरंच बोलले. चातने बरणीत हात घातला.

"लाऽऽल!"

टाळ्या पडल्या. सायरुंगने तोंडात पदर कोंबला. मुखिया बुनथाम वाटच बघत होता. तो तिच्या कानाशी लागला. "रडू नको सायरुंग. एक साहेब हायत माझ्या ओळखीचे. त्यांच्या बाईसाहेबांचं दुकान हाय. पोरगं सावलीत राहील. संध्याकाळी ये, बोलू."

सायरुंग मान हलवणार होती. बुआलाय तिच्यासमोर आली.

"पदरात घालू नको."

"तू सांगतेस?" सायरुंग ओरडली. "तुझा तिकडं मराया टेकलाय आन् तू मला सांगतेस? माझाबी पाठवू तिकडं?"

"मी कुठं पाठव म्हणते?" बुआलायचा आवाज फाटला. "माझा जीव रोज जातो, सायरुंग. सरकारनं पोरं न्यावी का न न्यावी, कोणत्या देशासाठी, कोणाच्या गावात, ते मला कळत न्हाई. मला कळत असतं तर तवाच मी त्याला घेऊन जंगलात पळाले असते. पण ते साहेब माईकवर म्हणाले ना, देशासाठी नेतो? मग विचार त्यांना. तुझं पोर हाय. कुठं नेणार, काय करून घेणार, विचार की! मुखियाला काय विचारतेस?"

"ए बाई, गप बस!" बुनथामने तिचा दंड धरला. तिने तो हिसडा देऊन सोडवला.

सायरुंगने एकदा बुआलायकडे पाहिलं, एकदा मैदानात उघड्या अंगाने उभ्या असलेल्या चातकडे. मग ती कुंपणाच्या फटीतून आत शिरली. उन्हात, सगळ्यांच्या देखत, थेट मंचापर्यंत गेली. तिचा आवाज मुळातच मोठा होता, तिला माईक लागला नाही.

"साहेब, माझा पोरगा कुठं नेणार? छावणीत का कोणाच्या घरी?"

साहेब हसले. "मावशी, ते नंतर कळवतात. नियमाप्रमाणे."

"नियमात कपडे धुणं हाय का?"

पोरांच्या ओळीत खसखस पिकली आणि लगेच थांबली. साहेबांनी माईकवर हात ठेवला, शेजारच्याशी काही बोलले, मग हात काढून म्हणाले, "हा विषय इथला नाही. कृपया जागेवर जा. कामात अडथळा आणणं गुन्हा आहे."

"मग हा विषय कुठला हाय, ते तरी सांगा," सायरुंग म्हणाली, आणि हलली नाही. कुंपणापाशी आणखी एका बाईने मोठ्याने तेच विचारलं. मग आणखी कोणीतरी.  बुआलायला हुंदका आवरत नव्हता.

साहेबांनी घाम पुसला. यादीतलं नाव वाचलं आणि बरणीकडे बोट केलं. "चला, वेळ घालवू नका. पुढचा!"

ओळीत सगळ्यात पुढे बसलेल्या पोराने दंडावरचा आकडा पाहिला, मंचावरच्या साहेबांकडे पाहिलं आणि उन्हात उभ्या असलेल्या सायरुंगकडे पाहिलं.

"आधी मावशीला उत्तर द्या, साहेब," तो बसल्या जागेवरून म्हणाला.

साहेबांनी पुन्हा एकदा 'पुढचा' म्हटलं. पुढचा कोणी उठला नाही.